पाठीवरून हात फिरवणं आणि लाल डाग चोळणं

अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेल्या घरी हे हमखास दिसतं: आजींना कुशीवर वळवून कुणीतरी स्पिरिट नि पावडर लावून पाठ जोरजोरात चोळत असतं. का, म्हणून विचारलं तर एका दमात दोन कारणं मिळतात. "त्यांना बरं वाटतं, आणि बेडसोअरही (सतत पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमा) होत नाहीत." पहिलं खरं आहे. दुसऱ्यासाठी चोळणं मात्र घातक ठरू शकतं. कितीतरी वर्षं आम्हा नर्सेसनाही बॅक केअर म्हणून या दोन्ही गोष्टी एकत्रच शिकवल्या गेल्या, त्यामुळे घरच्यांना दोष देता येत नाही.

मन शांत करणाऱ्या मालिशला जोर लागतच नाही. तळहात एकमेकांवर घासून कोमट करायचे, थोडं तेल घ्यायचं आणि कमरेपासून मणक्याच्या दोन्ही बाजूंनी खांद्यापर्यंत जायचं, मग कडेकडेनं खाली यायचं. मणक्यावर दाब द्यायचा नाही, हात मध्येच उचलायचा नाही. कमरेपासून खांद्यापर्यंत पोचायला दहा-बारा सेकंद लागले तर वेग बरोबर. आपल्या त्वचेत सी-टॅक्टाइल नावाचे मज्जातंतू असतात. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगानं फिरणारा, अंगाइतका उबदार, हलका स्पर्श त्यांना सर्वांत चांगला कळतो. घाईघाईनं चोळलं तर ते फारसे जागे होत नाहीत.

रात्रपाळीला पक्षाघात झालेल्या एक आजी होत्या. कॉटचा कठडा घट्ट धरून जाग्या पडायच्या. "आजी, पाठीवरून हात फिरवू का?" असं विचारून सुरुवात केली. (विचारायचंच. स्पर्श नको असणारी माणसंही असतात.) पाचेक मिनिटांत कठड्यावरची मूठ सैल झाली, श्वास लांबला. याने आजार बरा होत नाही, परिणामही काही वेळापुरताच असतो. पण झोप न येणाऱ्या माणसाला तेवढा वेळ फार मोठा असतो.

त्याच आजींच्या माकडहाडाजवळ लाल डाग होता, आणि लेक दिवसभर तो चोळत होती. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस दबून तिथला रक्तपुरवठा तुटतो, तेव्हा असा डाग उमटतो. आतलं मांस आधीच दुखावलेलं असतं, चोळल्यानं ते आणखी फाटतं. स्पिरिटनं कातडी कोरडी पडते ते वेगळंच. डागावर बोट दाबून सोडून पाहा. पांढरट पडून पुन्हा लाल झाला तर रक्त खेळतंय. तसाच लाल राहिला तर बेडसोअरची पहिली पायरी सुरू झाली. नर्सला किंवा डॉक्टरांना दाखवा. सावळ्या अंगावर लाली कळत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागतंय का ते हातानं बघायचं.

उपाय एकच: तिथला दाब काढायचा. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीमागे उशी देऊन थोडं कलतं ठेवायचं, पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवायच्या. भोकाची रबरी रिंग नको, तिच्या कडेनं रक्त आणखी अडतं. आणि एक पोटरी सुजून दुखत असेल तर तिला हात लावू नका, आत रक्ताची गुठळी असू शकते.

चोळू नका म्हटल्यावर लेकीचा चेहरा उतरला. आईसाठी करण्यासारखं तिच्या हाती तेवढंच होतं. मी तिचा हात धरून आजींच्या खांद्यावर ठेवला आणि म्हटलं, "डाग सोडून दे. इथून, सावकाश."