जुन्या मोटारींच्या इंजिनांतील गळती : निदान आणि सफाई (ग्रामीण विदर्भ)

जुन्या मोटारीच्या इंजिनातून ऑइल, पाणी किंवा इंधन नेमके कोठून बाहेर येते ते शोधणे, त्यासाठी इंजिन धुऊन कोरडे करणे आणि मग गळतीचे कारण दूर करणे, या सर्व कामाचा विचार या नोंदीत केला आहे. विदर्भातील गावांत आणि तालुक्याच्या ठिकाणी हे काम बहुधा ट्रॅक्टर व जीप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडेच जाते. त्यांचा हात डिझेल इंजिनावर बसलेला असतो, सुट्या भागांची वाट पाहण्यापेक्षा भाग घडवण्याकडे त्यांचा कल असतो आणि त्यामुळे त्यांच्या पद्धतीत काही गोष्टी पुस्तकी पद्धतीहून वेगळ्या, पण उपयोगी आहेत.

या भागात टिकून राहिलेल्या जुन्या गाड्यांत तीन प्रकार प्रमुख आहेत. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेली आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होत राहिलेली अँबेसिडर हा पहिला. तिचे दीर्घकाळ चाललेले पेट्रोल इंजिन १४८९ घन सेंटिमीटरचे, ब्रिटिश ‘बी’ मालिकेतील आहे. दुसरी, लोकांच्या तोंडी अजूनही ‘फियाट’च असलेली १०८९ घन सेंटिमीटरची प्रीमियर पद्मिनी. तिसरी, महिंद्राने विलीसच्या परवान्यावर बनवलेली जीप, जिचे पेट्रोल इंजिन सुमारे २.२ लिटरचे होते. यांतील अनेक अँबेसिडर व जीप मुळात सरकारी ताफ्यातल्या असून निर्लेखनानंतरच्या लिलावातून गावांत आल्या आहेत. त्यामुळे इंजिन आधी कितीदा उघडले गेले आणि कोणी कोणता सांधा कशाने चिकटवला, याची नोंद सहसा मिळत नाही.

गळतीची मूळ कारणे

या इंजिनांची रचना झाली तेव्हा सांधे कॉर्कच्या किंवा कागदी पॅकिंगने बंद केले जात आणि झाकणे पातळ पत्र्याची असत. ‘बी’ मालिकेच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, मागच्या टोकाला आजच्यासारखे ओठाचे रबरी सील नाही. तेथे क्रँकवर उलट्या आट्यांची खाच कापलेली असते आणि क्रँक फिरत असताना ती खाच ऑइल परत चेंबरकडे, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइल साठणाऱ्या भागाकडे, ढकलते. इंजिन थांबले की ही योजनाही थांबते, म्हणून ओट्याच्या चढावर नाक वर करून रात्रभर उभ्या केलेल्या अँबेसिडरखाली सकाळी दोनचार थेंब दिसले तर त्यात बिघाड असतोच असे नाही. सपाट जागी उभी केली असता थेंब पडले नाहीत, तर एवढ्याच कारणासाठी इंजिन उतरवणे व्यर्थ होय.

रचनेच्या जोडीला येथील हवामान येते. मे महिन्यात, विशेषतः नवतप्यात, सावलीतले तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या कोरड्या उष्णतेत रबर कडक होते आणि कॉर्क आकसते. शिवाय या गाड्या रोज चालत नाहीत. लग्नसराई, पोळा, निवडणूक अशा निमित्तांनी बाहेर निघणाऱ्या आणि एरवी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभ्या असणाऱ्या गाडीची सिले ऑइलविना सुकतात व पहिल्याच मोठ्या फेरीत गळू लागतात.

पाण्याच्या बाजूची गोष्ट अधिक गंभीर आहे. अकोला, अमरावती व बुलडाणा या जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यात भूजल खारे आहे. विहिरीचे वा बोअरचे असे पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले गेले की आत क्षारांचे थर बसतात आणि ब्लॉकला (इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्याला) बसवलेल्या पत्र्याच्या चकत्या, म्हणजे कोअर प्लग, आतून गंजत जातात. चकतीच्या कडेला आधी तांबूस ओघळ दिसतो आणि नंतर, बहुधा इंजिन सर्वांत तापलेले असताना, ती फुटते. सर्वांत मागची चकती बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधील क्लच झाकणाऱ्या कवचाच्या, आड असते. तिचे पाणी क्लचच्या बाजूने खाली येते आणि निदान चुकवते.

द्रव ओळखणे

पहिली पायरी गाडीखाली रात्रभर पांढरा पुठ्ठा अंथरण्याची आहे. पुठ्ठ्यावर पुढची चाके कोठे होती याची खूण केली की डाग इंजिनाच्या कोणत्या भागाखाली पडला ते कळते. इंजिनाचे ऑइल तपकिरी ते काळे असून बोटांत गुळगुळीत लागते. गिअर ऑइल अधिक दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो, त्यामुळे बेल हाउसिंगच्या भोकातून गळणारे ऑइल इंजिनाचे की गिअरबॉक्सचे, हा नेहमीचा वाद नाकाने मिटतो. कुलंट रंगीत व चिकटसर असतो. नुसते पाणी असेल तर डागाच्या कडेला गंजाची रेघ राहते. ब्रेक ऑइल जवळजवळ रंगहीन असून रंग सोलवटून काढते, म्हणून ते बोनेटच्या आतील रंगावर आढळल्यास तत्काळ धुवावे. पेट्रोलचा डाग उडून जातो, परंतु जेथे ते झिरपते तेथील जुना मळ धुतला जाऊन त्या जागी स्वच्छ चट्टा उमटतो. मळकट इंजिनावरचा असा स्वच्छ चट्टा दिसल्यास ती गाडी दुरुस्तीपूर्वी सुरू करू नये.

सफाई

सफाई ही दुरुस्तीनंतरची सजावट नव्हे, ती निदानाचाच पहिला भाग आहे. दहा-वीस वर्षांचे ऑइल, काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगच्या गावांत उडणारे रुईचे तंतू यांचा थर सगळ्या इंजिनावर सारखाच ओला दिसतो, आणि अशा इंजिनाकडे पाहून केलेले कोणतेही निदान अंदाजच असते. अंदाजाने बदललेल्या सीलांवर होणारा खर्च ग्रामीण गॅरेजांत सर्वाधिक वाया जातो, असे म्हणण्यास हरकत नाही.

काम थंड इंजिनावर करावे. तापलेल्या ओतीव लोखंडावर गार पाणी पडल्यास एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (जळका धूर इंजिनातून बाहेर नेणाऱ्या ओतीव नळीला) तडा जाऊ शकतो. डिस्ट्रिब्युटर, कॉइल, डायनॅमो आणि कार्बोरेटरचे तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी घट्ट बांधून घ्यावे व बॅटरीची वायर काढावी. जाड थर लाकडी पट्टीने किंवा बोथट पात्याने खरवडावा. लोखंडी पाते सांध्याच्या कडेत घालू नये. त्यानंतर ब्रशने डिझेल लावून मळ भिजू द्यावा. पूर्वी रॉकेल वापरत, पण रेशनचे रॉकेल आता गावांत जवळपास मिळेनासे झाले आहे. पेट्रोलने इंजिन धुण्याची सवय अजूनही काही ठिकाणी दिसते. एका ठिणगीने गाडी आणि गोठा दोन्ही पेटू शकतात, तेव्हा ती सोडलीच पाहिजे. डिझेल मागे तेलकट पापुद्रा ठेवते व त्यावर धूळ लगेच बसते, म्हणून शेवटी कपड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन फडक्याने पुसावे आणि इंजिन उन्हात पूर्ण कोरडे होऊ द्यावे. सर्व्हिसिंग सेंटरवरचा जोराचा फवारा टाळलेला बरा, कारण तो जुन्या सीलांच्या ओठातून आत पाणी घालतो. रेडिएटरच्या जाळीत अडकलेली रुई मात्र इंजिनाच्या बाजूने पुढे हलका फवारा मारून काढावी लागते.

उगम शोधणे

ऑइल गुरुत्वाने खाली आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे जाते. त्यामुळे जेथे थेंब पडतो ती जागा बहुतेक वेळा उगमाची नसते आणि ओल्या भागातील सर्वांत वरची व सर्वांत पुढची जागा हीच संशयित धरावी. चेंबरचे पॅकिंग गळते म्हणून आलेल्या कित्येक गाड्यांत दोष टॅपेट कव्हरचा, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाचा, निघतो. कोरड्या केलेल्या इंजिनावर टाल्कम पावडर किंवा बारीक केलेला खडू फुंकून गाडी गावाभोवती एक फेरी फिरवून आणली की पांढऱ्या भुकटीवर ऑइलची काळपट रेघ उमटते आणि रेघेचे वरचे टोक उगम दाखवते. शहरांत यासाठी चमकणारा रंग व अतिनील दिवा वापरतात. खडूने काम थोडे हळू होते, इतकाच फरक.

‘बी’ मालिकेच्या इंजिनात एक जागा हमखास विसरली जाते. डाव्या बाजूला मॅनिफोल्डच्या खाली, ब्लॉकच्या अंगाला दोन छोटी पत्र्याची झाकणे असतात. त्यांचे कॉर्क पॅकिंग एक्झॉस्टच्या उष्णतेने भाजून ठिसूळ होते. तेथून ओघळलेले ऑइल चेंबरच्या कडेवर साचते आणि दोष चेंबरवर जातो. वरून टॅपेट कव्हर गळत असेल तर ऑइल एक्झॉस्टवर पडून बोनेटखालून निळसर धूर व जळका वास येतो, आणि ती गोष्ट मात्र दुर्लक्षण्याजोगी नाही.

ब्रीदर

एकही सील बदलण्यापूर्वी ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या आतला वायू बाहेर सोडणारी वाट, तपासला पाहिजे. पिस्टनच्या रिंगांच्या कडेने थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतच असतो. त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर आतला दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या सांध्यातून बाहेर फेकले जाते. एकाच वेळी चार ठिकाणी गळती सुरू झाली असेल तर चार सिले एकदम गेली असण्यापेक्षा ब्रीदर तुंबला असण्याचा संभव कितीतरी अधिक असतो. पत्र्याखाली महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत हे फार सहज घडते, कारण कुंभारीण माशीला ब्रीदरची खाली उघडणारी नळी घर बांधण्यास अगदी सोयीची पडते; नळी काढून तार फिरवली की वाळलेल्या मातीचे गोळे आणि त्यांत कोंबलेल्या अळ्या बाहेर येतात. नळी मोकळी असूनही ऑइल भरण्याच्या तोंडातून भकाभक धूर येत असेल, मिस्त्रींच्या भाषेत इंजिन ‘बॅक कॉम्प्रेशन’ मारत असेल, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत असे समजावे. मग नवी सिलेही फार काळ टिकत नाहीत.

सांधे बंद करणे

पॅकिंग बदलताना खरा वेळ पृष्ठभाग तयार करण्यात जातो. चेंबरच्या व टॅपेट कव्हरच्या पत्र्यावर बोल्टच्या भोकांभोवती वर्षानुवर्षांच्या आवळण्याने उंचवटे आलेले असतात. पत्रा सपाट लोखंडावर ठेवून हलक्या हातोडीने ते बसवल्याशिवाय कोणतेही पॅकिंग धरत नाही. अँबेसिडरचे टॅपेट कव्हर मधल्या दोनच नटांवर बसते. गळते म्हणून ते नट आणखी आवळले की पत्रा मध्ये दबतो, कडा उचलतात आणि गळती वाढते. उन्हाळ्यात दुकानात पडून आकसलेले कॉर्कचे पॅकिंग कोमट पाण्यात ठेवल्यास बऱ्याचदा पुन्हा मापात येते. मात्र बसवण्यापूर्वी ते सुकवावे.

तयार पॅकिंग न मिळाल्यास मिस्त्री ते शीटमधून स्वतः काढतात. शीट झाकणावर धरून गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोके दिले की कड आपोआप कापली जाते, आणि बोल्टच्या भोकावर बेअरिंगची गोळी ठेवून एकच ठोका मारला की स्वच्छ भोक पडते. ठोके जोराचे पडले तर ॲल्युमिनियमच्या झाकणाची कड खचते, हे भान ठेवावे. शीटची जाडी मूळच्या पॅकिंगइतकीच हवी. यांत्रिक पेट्रोल पंपाखाली जाड पॅकिंग घातल्यास पंपाचा दांडा कमी ढकलला जाऊन पेट्रोल अपुरे येते. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ते कोरडे घासू नये, ओले करून काढावे.

सिलिकॉन पेस्टविषयी स्पष्ट सांगणे भाग आहे. ती पातळ लावली तर उपकारक ठरते, परंतु जाड थर लावण्याची प्रथा घातक आहे, कारण आवळताना जेवढी पेस्ट बाहेर दिसते तेवढीच आतही निघते आणि तिचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. गळती थांबवण्याच्या नादात बेअरिंगे जळाल्यास तो सौदा महागात पडतो.

पाणी आणि इंधन

वॉटर पंपाच्या खालच्या भोकातून पाणी येऊ लागले की पंपाचे सील गेलेले असते. ते भोक मुद्दाम ठेवलेले असून बुजवल्यास पाणी पंपाच्या बेअरिंगमध्ये शिरते, तरी गावोगावी ते एम-सीलने बुजवलेले आढळते. ऑइल गेजवर (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीवर) दुधाळ फेस, रेडिएटरमध्ये सतत येणारे बुडबुडे आणि विनाकारण घटणारे पाणी ही लक्षणे एकत्र दिसली तर गेलेले हेड गॅसकेट (ब्लॉक व त्यावरील हेड यांच्यामधील पॅकिंग) किंवा हेडला गेलेला तडा यांचा विचार करावा. पावसाळ्यात थोड्याच अंतरावर फिरणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली साचलेला किंचित फेस मात्र नुसत्या दमटपणानेही येतो. खारपाणपट्ट्यात रेडिएटरसाठी पावसाचे साठवलेले किंवा आरओच्या कॅनचे पाणी घेऊन त्यात गंजरोधक कुलंट मिसळावा.

पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ पर्यंत देशभर २० टक्क्यांवर गेले. जुन्या रबरी नळ्या व पेट्रोल पंपाचे पडदे या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात व चिरतात. फियाट आणि जीप यांच्यासारख्या इंजिनावर पंप बसवलेल्या गाड्यांत पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरते. गेजवर ऑइल न भरताच वाढलेले दिसणे आणि त्याला पेट्रोलचा वास येणे ही त्याची खूण आहे. अशा वेळी पडदा बदलून ऑइल पूर्ण काढून टाकावे.

किती गळती चालवून घ्यावी

स्थूलमानाने ऑइलचे २० ते ३० थेंब म्हणजे १ मिलिलिटर होतो. रात्रभरात दहा थेंब पडले तर महिन्याचे १० ते १५ मिलिलिटर होतात, आणि सुमारे ४ लिटर ऑइल मावणाऱ्या इंजिनाला ते नगण्य आहे. मिनिटाला एक थेंब पडत असेल तर तोच हिशेब दिवसाला ५० ते ७० मिलिलिटरवर, म्हणजे आठवड्याला अर्ध्या लिटरपर्यंत जातो व दुरुस्ती टाळता येत नाही. इंधनाच्या आणि ब्रेकच्या गळतीला असा कोणताही हिशेब लागू नाही. ती एका थेंबाचीही चालवून घेऊ नये.

काढलेले जळके ऑइल गावात बंडीच्या आसाला, कुंपणाच्या खांबांना वाळवीपासून राखण म्हणून किंवा अंगणातील धूळ बसवण्यासाठी वापरले जाते. आसाला लावण्यात फारसे बिघडत नाही, परंतु जमिनीवर ओतलेले ऑइल पावसाबरोबर विहिरीकडे जाते. वापरलेले ऑइल हा २०१६ च्या घातक कचऱ्याविषयीच्या नियमांत मोडणारा पदार्थ आहे आणि तो डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांसाठी गोळा करणाऱ्यास देणे योग्य होय. एथिलीन ग्लायकॉल असलेला कुलंट चवीला गोड असून विषारी असतो. तो उघड्या घमेल्यात ठेवल्यास कुत्री व शेळ्या पिण्याचा धोका असतो, म्हणून काढल्याबरोबर तो झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवावा व जमिनीवर सांडलेला भाग माती टाकून उचलावा.