मिठाने उचललेल्या टेकडीवरचे शहर

गाव पाणवठ्याशी वसते, हा आपला नेहमीचा अनुभव. सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावरील धाहरान मात्र वसले ते मिठामुळे, आणि तेही डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या. पन्नास कोटी वर्षांहून जुने मिठाचे जाड थर या भागात खोल गाडलेले आहेत. वरच्या खडकांच्या भाराखाली मीठ तिंबलेल्या कणकेसारखे सावकाश सरकते आणि भोवतालच्या खडकापेक्षा हलके असल्याने वाट सापडेल तिथे वर चढते. धाहरानखालचे थर त्यानेच उचलून धरले, असे भूशास्त्रज्ञ मानतात. जमिनीवर दिसतात त्या चुनखडकाच्या बुटक्या टेकड्या. पण थर असे घुमटासारखे फुगले, की तेल माथ्याकडे सरकते आणि वर अभेद्य खडक असेल तर तिथेच अडकून राहते.

समोरच्या बहरीन बेटावर १९३२ साली तेल लागले आणि तिथून दिसणाऱ्या या टेकड्यांकडे लक्ष गेले. मे १९३३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने सौदी सरकारशी करार केला, सप्टेंबरात तिचे भूशास्त्रज्ञ किनाऱ्यावरच्या जुबैल गावी उतरले आणि १९३५ साली पहिली विहीर खणायला घेतली. बहरीनमध्ये तेल सुमारे ६०० मीटरवर मिळाले होते, म्हणून इथेही तोच थर गाठला; हाती फारसे काही लागले नाही. सातव्या विहिरीत नळ अडकले, भिंती ढासळल्या, काम रखडले. तरीही मॅक्स स्टाइनेकी या भूशास्त्रज्ञाच्या आग्रहाने अधिक खोल जायचे ठरले आणि ४ मार्च १९३८ रोजी १,४४१ मीटरवर, ज्युरासिक काळातील चुनखडकात तेल लागले: पहिल्या दिवशी १,५८५ बॅरल. त्या खडकावर अ‍ॅनहायड्राइटचे, म्हणजे जिप्समसारख्या पण पाणी नसलेल्या खनिजाचे, घट्ट झाकण होते. ही विहीर १९८२ पर्यंत चालली आणि तिने तीन कोटींहून अधिक बॅरल तेल दिले.

विहिरींच्या कुशीतच वस्ती वाढली. अमेरिकन कर्मचाऱ्यांसाठी वातानुकूलित घरे जहाजाने आली, सौदी कामगार मात्र खजुराच्या झावळ्यांच्या झोपड्यांत राहत. ही विषमता साधी नव्हती. १९४५ आणि १९५३ साली कामगारांनी संप केले, त्यामागे तीही होती. शेजारचे खोबर हे मासेमारी करणाऱ्यांचे आणि मोती काढणाऱ्यांचे खेडे कंपनीच्या मालासाठी धक्का बनले आणि भराभर वाढले. आज धाहरान, खोबर आणि दम्माम यांच्या सीमा नकाशावरच उरल्या आहेत.

पाणी मात्र कष्टाने मिळवावे लागते. समुद्राचे पाणी गोडे करणारे मोठे कारखाने खोबर आणि जुबैलला उभे आहेत.

१९६३ साली धाहरानमध्ये पेट्रोलियम आणि खनिजशास्त्राचे महाविद्यालय स्थापन झाले, त्याचेच आज विद्यापीठ आहे. इथल्या विद्यार्थ्यांना घुमटाचे खडक पाहायला दूर जावे लागत नाही: ‘रस’ या नावाने ओळखला जाणारा खडकसमूह शेजारच्याच उम्म अर-रुऊस टेकडीवर उघडा पडलेला आहे.