रात्री तीनचा अलर्ट नक्की कशासाठी?

नवी मुंबईतला ऐरोली, रबाळे, महापे हा सगळा पट्टा आता आयटी पार्क आणि डेटा सेंटर्सचा, तिथे रात्री तीनला कुठल्यातरी ऑन-कॉल इंजिनिअरचा, म्हणजे बिघाड झाला तर बघायची ज्याची पाळी आहे त्याचा, फोन वाजतो, सिस्टिमने आपोआप पाठवलेला इशारा म्हणजे अलर्ट असतो आणि उठून बघावं तर काय, सर्व्हरची डिस्क 80 टक्के भरलीय. ती दोन महिने तेवढीच आहे हो! असं चार रात्री झालं की पाचव्या रात्री खरा अलर्टसुद्धा न वाचता बंद केला जातो, आणि यात त्या पोराचा काडीचा दोष नाही.

याची किंमत किती मोठी असू शकते ते 1 ऑगस्ट 2012 ला अमेरिकेत दिसलं. नाइट कॅपिटल नावाची शेअर ट्रेडिंग कंपनी, 8 सर्व्हरपैकी एकावर नवा कोड टाकायचा राहून गेला, मार्केट उघडायच्या आधीच सिस्टिमने स्टाफला एररचे 97 ईमेल पाठवले होते पण असले ईमेल अलर्ट म्हणून कुणी बघतच नसे. मार्केट उघडलं आणि जेमतेम 45 मिनिटांत 46 कोटी डॉलरहून जास्त बुडाले.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, ज्यावर माणसाने लगेच काही करायचं नाहीये त्याने माणसाला झोपेतून उठवू नये. डिस्कचंच घ्या, किती भरली यापेक्षा कुठल्या वेगाने भरतेय ते विचारायचं. प्रोमिथियस या सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या, फुकट मिळणाऱ्या टूलमध्ये मागच्या काही तासांचा वेग बघून 'चार तासांत डिस्क फुल होणार' असा अंदाज काढता येतो, तेव्हा खुशाल उठवा.

सरासरीवर पण विसंबू नका. 99 जणांना पेज 0.1 सेकंदात मिळालं आणि एकाला 30 सेकंद लागले तर सरासरी येते 0.4 सेकंद, आकडे दाखवणारा डॅशबोर्ड हिरवागार, म्हणजे सगळं ठीक, आणि तो एक माणूस नेमका पेमेंट करत अडकलेला असतो.

टूल्स काय, आठवड्यात बसवता येतात. सवयी लागायला वेळ लागतो. ज्याची झोप मोडते त्याला तो अलर्ट बदलायचा किंवा उडवायचा अधिकार हवा, मॅनेजरची परवानगी न घेता. आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये मागच्या आठवड्याचे सगळे अलर्ट काढून एकेकाला विचारायचं, हा वाजल्यावर तू काय केलंस? 'काहीच नाही' असं उत्तर आलं की तो अलर्ट तिथल्या तिथे काढून टाकायचा.