सुरी लागण्याआधीचं इंजेक्शन

ऑपरेशन होऊन पेशंट वॉर्डात आला, की नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: ‘डॉक्टर, अँटिबायोटिक चालू केलंय ना?’ खरं तर तोवर त्या औषधाचं मुख्य काम उरकलेलं असतं. टाक्यांत पू होऊ नये म्हणून द्यायचं इंजेक्शन, सर्जनने सुरी हातात घेण्याआधीच, भूलतज्ज्ञाने सलाईनच्या नळीतून सोडलेलं असतं.

एवढी घाई का? अमेरिकेतल्या बोस्टनचे सर्जन जॉन बर्क यांनी १९६१ साली गिनीपिगवर केलेल्या प्रयोगांत याचं उत्तर आहे. त्यांनी प्राण्यांच्या कातडीत स्टॅफिलोकोकस जंतू टोचले आणि पेनिसिलिन वेगवेगळ्या वेळी दिलं. औषध आधीच अंगात असलं, तर जंतूंना डोकं वर काढता येईना. पण जंतू शिरून तीन तास झाल्यावर औषध दिलं काय नि न दिलं काय, सारखंच.

माणसांतही तसंच दिसलं. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या एका रुग्णालयातल्या २,८४७ पेशंटांचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. चीर देण्याआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांपैकी ०.६ टक्के लोकांच्या जखमेत संसर्ग झाला. चीर दिल्यावर तीन तास उलटून औषध मिळालेल्यांत ३.३ टक्के. आणि गंमत म्हणजे, दोन तासांहूनही आधी देऊन ठेवलेल्यांत ३.८ टक्के! म्हणजे आधी दिलं की झालं, असंही नाही.

कातडी कितीही पुसली तरी केसांच्या मुळाशी काही जंतू उरतातच, आणि सुरीबरोबर ते आत उतरतात. नेमकं त्या क्षणी तिथल्या मांसात औषध भरपूर हवं. नेहमी वापरलं जाणारं सेफाझोलिन हे अँटिबायोटिक रक्तातून साधारण दोन तासांत निम्मं होतं. म्हणून ते चीर देण्याआधी तासाभरात देतात आणि ऑपरेशन चार तासांपुढे लांबलं तर पुन्हा देतात. गुडघ्याच्या ऑपरेशनात मांडीला पट्टा आवळून रक्तपुरवठा थांबवतात. तिथे औषध पट्टा आवळण्याआधीच गेलं पाहिजे. नंतर दिलं तर ते अंगभर फिरेल, गुडघ्यापर्यंत पोचणार नाही.

मग घरी जाताना हातात पडणारी पाच दिवसांच्या गोळ्यांची पट्टी? जखम स्वच्छ असेल आणि औषध निव्वळ खबरदारी म्हणून असेल, तर ते ऑपरेशननंतर लांबवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं. जादा गोळ्यांनी पोटातले उपयोगी जंतू मरतात, जुलाब लागतात, आणि औषधाला न जुमानणारे जंतू मागे राहतात. फुटलेल्या अपेंडिक्सची गोष्ट मात्र वेगळी. तिथे संसर्ग आधीच झालेला असतो. ती खबरदारी नव्हे, उपचार असतो, आणि तो पूर्ण करायचा असतो.

तरीही पट्टी लिहून दिली जाते, कारण ती दिली नाही तर पेशंटलाच चुकल्यासारखं वाटतं. आधीचं इंजेक्शन त्याला दिसलेलंच नसतं ना! थिएटरमधल्या सुरक्षा-यादीत मात्र त्याची नोंद असते. चीर देण्यापूर्वी सगळे क्षणभर थांबतात. पेशंटचं नाव, ऑपरेशनची जागा यांची खात्री होते, आणि कुणीतरी मोठ्याने विचारतं, ‘गेल्या ६० मिनिटांत अँटिबायोटिक दिलंय?’