चिकित्सालयीन क्रीडामानसशास्त्र

खेळाडूंच्या मानसिक विकारांचे निदान व उपचार करणारी मानसशास्त्राची शाखा. एकाग्रता, ध्येयनिश्चिती हे क्रीडामानसशास्त्राचे नेहमीचे विषय. या शाखेत मात्र नैराश्य, चिंताविकार, आहारविकार, व्यसन व दुखापतीनंतरची भीती यांचा विचार प्रमुख असतो.

क्रीडामानसशास्त्राच्या उगमाविषयी एकमत नाही. अनेक ग्रंथ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिप्लेट यांच्या 1898 मधील निबंधापासून आरंभ मानतात. सायकलपटू एकट्यापेक्षा इतरांसोबत अधिक वेगाने जातात, असे नोंदींवरून दिसल्यावर त्यांनी मुलांना मासेमारीची रिळे फिरवायला लावून ते पडताळले. त्या आकड्यांची पुढे फेरतपासणी झाली तेव्हा परिणाम क्षीण आढळला. शिवाय त्यांचा मूळ प्रश्न सामाजिक मानसशास्त्राचा होता. काहीजण लेनिनग्राडचे पुनी व मॉस्कोचे रुडिक या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञांच्या 1920 च्या दशकातील कार्याला अग्रक्रम देतात. कोलमन ग्रिफिथ यांनी 1925 मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात काढलेली क्रीडा-संशोधनाची प्रयोगशाळा हा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. चिकित्सालयीन धारा मात्र बरीच नंतरची. ती साधारणपणे 1960 च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रूस ओगिल्वी यांच्यापासून मोजतात.

कोकण किनाऱ्यावर या शाखेची गरज कबड्डीत विशेष जाणवते. चढाईच्या 30 सेकंदांत ‘कबड्डी’चा उच्चार अखंड ठेवावा लागतो. चिंतेच्या झटक्यात श्वास उथळ व जलद होतो, दम तुटतो, आणि खेळाडू ‘स्टॅमिना कमी पडतो’ एवढेच सांगतो. हृदय-फुप्फुसांची तपासणी निर्दोष निघाल्यावर छातीतली धडधड, हाताला मुंग्या, मैदानात शिरण्यापूर्वीची मळमळ यांची चौकशी करावी लागते. गुडघ्याचा अस्थिबंध शिवून परतलेला चढाईपटू ज्या कोपऱ्यात पकडला गेला होता तिकडे पाऊलच टाकत नाही. त्याला आधी रिकाम्या मैदानात, मग एका बचावपटूसमोर, मग बचावपटूंच्या साखळीसमोर, असे पायरीपायरीने त्या कोपऱ्यात नेतात. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील सागरी जलतरणात तळ दिसेनासा झाल्यावर घाबरणाऱ्यांसाठीही हीच पद्धत चालते.

सामन्याआधी ग्रामदेवतेला नारळ ठेवणे, गाऱ्हाणे घालणे हा विकार नव्हे. त्याने मन स्थिरावते आणि उपचारकाने ते जपावे. मात्र मनगटातला धागा तीनतीनदा सोडून बांधल्याशिवाय रेषा ओलांडता येत नसेल, तर सक्तीच्या विकाराची (मंत्रचळाची) शक्यता तपासायला हवी. हा भेद स्थानिक रीत ठाऊक असलेल्यालाच नीट करता येतो.

भारतात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची (RCI) नोंदणी आवश्यक असते. औषधे मनोविकारतज्ज्ञ देतात. नेमबाजी व तिरंदाजीत बीटा-रोधक (हृदयाची गती मंदावणारी औषधे) निषिद्ध असल्याने थरथर थांबवण्यासाठी घेतलेली साधी गोळीही उत्तेजक-चाचणीत दोषी ठरवू शकते. म्हणून खेळ कोणता, हे चिठ्ठी लिहिण्यापूर्वी सांगावे.

राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे. ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी 14416 क्रमांकाची सरकारी सेवा 2022 पासून उपलब्ध आहे.

गोपनीयतेचा प्रश्न येथे फार नाजूक आहे. प्रशिक्षक बहुधा त्याच वाडीतला, कधी सख्खा मामा किंवा चुलता. संघातून वगळले जाण्याच्या धास्तीने मुले बोलत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार रुग्णाची माहिती गोपनीय असते. सज्ञान खेळाडूच्या संमतीवाचून प्रशिक्षकाला ‘खेळू शकेल’ की ‘अजून नाही’ एवढेही कळवू नये. मामाने विचारले तरी.