पिवळा स्क्रीन आणि झिरोचा बल्ब

परवा दिवेलागणीला दांडिया बाजारातून आमच्या काकांचा फोन. "अरे, कॉम्प्युटरला कावीळ झालीय. स्क्रीन पिवळा पडलाय." सेटिंग्जच्या सर्चमध्ये त्यांनी 'यलो स्क्रीन' टाइप करून पाहिलं होतं, पण हाती काही लागलं नव्हतं.

कसं लागणार? त्या सोयीचं नाव 'नाइट लाइट'. रात्री झोप उडू नये म्हणून ती स्क्रीनमधला निळा प्रकाश कमी करते, आणि मग उरलेला उजेड पिवळट दिसतो. काकांच्या लेखी मात्र नाइट लाइट म्हणजे झोपताना लावायचा झिरोचा बल्ब!

मेनू आणि सर्च यांतला फरक मला आमच्या मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीवरून चटकन समजतो. सयाजीरावांनी १९१० मध्ये ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावलं आणि बडोद्यातल्या ग्रंथालयांची घडी बसवून घेतली. कुठल्याही ग्रंथालयात पुस्तक कपाटात एकाच जागी राहतं, पण त्याची कार्डं लेखक, शीर्षक, विषय अशी हवी तितकी करता येतात. मेनू म्हणजे कपाट. नाइट लाइट 'डिस्प्ले'त ठेवलं की 'झोप' किंवा 'डोळे' या कप्प्यांत ते नसतंच. सर्च म्हणजे कार्डांचा खण. कोणत्या शब्दाला कोणती सेटिंग दाखवायची, याची यादी आधीच तयार असते. 'पिवळा' नावाचं कार्ड कोणी लिहिलंच नसेल, तर सर्च तरी काय करणार?

संशोधक जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये हेच मोजून दाखवलं. एकाच गोष्टीसाठी दोन माणसांना आपसूक एकच शब्द सुचण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी निघाली. त्यांचा उपाय साधा होता: एकेका गोष्टीला सुचतील तेवढी नावं जोडा. एकाच वाक्यात मराठी, गुजराती, इंग्रजी कालवणाऱ्या आम्हा बडोदेकरांसाठी तर ही यादी बरीच लांबवावी लागेल.

मग मेनू काढूनच टाकावेत का? मला नाही वाटत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोक फाइली शोधत असताना त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं होतं. फोल्डर उघडत जाताना, घरात किंवा रस्त्यावर वाट काढताना वापरले जाणारे भाग कामाला लागले. सर्च करताना मात्र भाषेचे भाग जागे झाले. म्हणजे मेनूत आपण चालतो आणि सर्चमध्ये बोलतो. एखाद्या अपडेटने सेटिंग्जची मांडणी बदलली की आपण इतके का वैतागतो, ते यावरून कळतं. पायाखालची गल्लीच कोणीतरी हलवलेली असते.

काकांना फोनवरच वाट सांगितली: सिस्टिम, मग डिस्प्ले, तिथे नाइट लाइट बंद. त्यांनी ती डायरीत उतरवून घेतली. डायरीला कडेने अक्षरांचे कप्पे आहेत. मी म्हटलं, "काका, 'न'मध्ये लिहा."

"'प'मध्ये लिहिलंय," काका म्हणाले. "पिवळा."