संपृक्त मेद, आहारातील

ज्या मेदातील वसाम्लांच्या (मेद ज्यांपासून बनतो त्या आम्लांच्या) कार्बन साखळीत द्विबंध, म्हणजे दोन कार्बन अणूंमधले दुहेरी जोड, नसतात, म्हणजे साखळी हायड्रोजनाने पुरती भरलेली असते, तो संपृक्त मेद. सरळ साखळ्या एकमेकींना लगटून बसतात, म्हणून तो गारव्याला थिजतो. थंडीत बरणीतले तूप रवाळ होते ते यामुळेच. पामिटिक, मिरिस्टिक व लॉरिक आम्लांमुळे यकृत रक्तातील एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांना घातक समजले जाणारे, कोलेस्टेरॉल कमी उचलते आणि ते साठत जाते. स्टिअरिक आम्ल याला बरेचसे अपवाद आहे.

हृदयविकाराशी असलेल्या संबंधाबद्दल मतभेद आहेत. अमेरिकी संशोधक अन्सेल कीज यांच्या, १९५८ च्या सुमारास सुरू झालेल्या सात देशांच्या अभ्यासात असा संबंध दिसला. उलट डॉ. मल्होत्रा यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या भारतीय रेल्वे कर्मचाऱ्यांच्या पाहणीत, दुधातुपाचा मेद अधिक खाणाऱ्या उत्तरेत हृदयविकाराचे मृत्यू दक्षिणेपेक्षा पुष्कळ कमी आढळले. तूपसमर्थक हा दाखला आवर्जून देतात. मात्र दोन्ही तुलना लोकसमूहांच्या आहेत. तंबाखू, श्रम, राहणी यांचा वाटा त्यांतून नीट वेगळा काढता येत नाही. त्यामुळे नियंत्रित चाचण्यांचा, म्हणजे दोन गटांना वेगवेगळा आहार देऊन केलेल्या तुलनेचा, पुरावा अधिक ग्राह्य वाटतो. किमान दोन वर्षांच्या अशा चाचण्यांच्या कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०२० मधील आढाव्यात, संपृक्त मेद कमी केलेल्यांत हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे १७ टक्क्यांनी कमी आढळले. एकूण मृत्यूंत फारसा फरक नव्हता. कमी केलेल्या मेदाची जागा कशाने घेतली हेही महत्त्वाचे. असंपृक्त तेलाने लाभ होतो, मैदा-साखरेने फारसा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एकूण उष्मांकाच्या १० टक्के, म्हणजे २,००० किलोकॅलरींच्या आहारात सुमारे २२ ग्रॅम.

सातारा-सांगलीकडे पथ्य सांगितले की आधी गदा येते ती तेलावर : भडंगाचे शेंगतेल, रश्श्यावरची तर्री. वास्तविक शेंगतेलात संपृक्त अंश पाचव्या हिश्श्याच्या आतच असतो. पामतेलात तो निम्म्याच्या आसपास. म्हशीच्या अर्धा लिटर दुधातच सुमारे २० ग्रॅम संपृक्त मेद येतो. सातारी कंदी पेढा म्हणजे हेच दूध आटवून केलेला खवा. साय काढल्याने दूध हलके होते खरे, पण ती साठवून, विरजून, लोणी कढवून झालेले तूप त्याच घरात पोळीवर येते.

माण, खटाव, जत या कोरडवाहू तालुक्यांत शाळूच्या कडेने करडई लावतात; काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही. तिच्या तेलात संपृक्त अंश दहा टक्क्यांच्या आत असतो.